घरच्या संगणकातलं अ‍ॅडवेअर काढलं तरी परत येतंय – मदत हवी आहे

जुनीवही

नमस्कार मंडळी,

गेले आठ-दहा दिवस घरच्या संगणकात शिरलेल्या अ‍ॅडवेअरने, म्हणजे न विचारता जाहिराती दाखवणाऱ्या प्रोग्रामने, अगदी जेरीस आणलंय. हा संगणक मुख्यतः बाबा वापरतात. बातम्या, मेल, बँकेची कामं आणि नातवंडांशी व्हिडिओ कॉल, एवढंच. विंडोज ११ आहे, ब्राउझर क्रोम. वेगळा अँटिव्हायरस घेतलेला नाही, विंडोजसोबत येतो तोच डिफेंडर आहे.

मागच्या आठवड्यात त्यांना दोन पीडीएफ जोडून एक करायच्या होत्या. शोधल्यावर जो पहिला दुवा आला, त्यावरून त्यांनी एक फुकट प्रोग्राम उतरवून घेतला. तो पहिला दुवा जाहिरातीचा होता हे मला नंतर कळलं. पीडीएफ जोडल्या गेल्या, पण तेव्हापासून क्रोम उघडलं की भलतंच शोधपान येतं. काहीही शोधा, आधी त्या पानावरून वळसा घालून मग निकाल दिसतात. उजव्या कोपऱ्यात दर दोन-चार मिनिटांनी 'तुमच्या संगणकात ५ व्हायरस सापडले' अशी लाल सूचना येते. आणि क्रोमच्या मेनूत सगळ्यात खाली, तुमचा ब्राउझर तुमची संस्था सांभाळते, अशा अर्थाची एक ओळ आली आहे. घरच्या संगणकाला संस्था कुठली?

मी कंट्रोल पॅनलमधून तो पीडीएफचा प्रोग्राम काढून टाकला. क्रोमचं सुरुवातीचं पान बदललं, त्यात आलेलं एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडलेला छोटा प्रोग्राम) काढलं. संध्याकाळी सगळं ठीक. दुसऱ्या दिवशी सकाळी ये रे माझ्या मागल्या. असं तीनदा झालंय. आता तर त्या एक्स्टेन्शनपुढचं 'काढा' हे बटणही दिसत नाही.

बाबांनी संगणकाला हात लावणंच सोडलंय. "माझ्यामुळे बिघडला" म्हणतात आणि नातवंडांचा कॉल आला तर माझ्या फोनवर घेतात. मला ते फार लागलंय. कृपया कुणीतरी नीट वाट दाखवा.

रात्रपाळी

जुनीवही, सर्वात आधी दोन गोष्टी. पहिली, या संगणकावरून बँकेचं आणि मेलचं काम आजपासून थांबवा, संगणक स्वच्छ झालाय याची खात्री होईपर्यंत. दुसरी, बाबांना सांगा की यात त्यांची चूक नाही. ती जाहिरात खऱ्या निकालासारखी दिसावी म्हणूनच बनवलेली असते. रोज संगणकावर बसणारे लोकही त्यात फसतात. मी हेच काम करतो आणि रोज बघतो.

आता तुमच्या वर्णनात मला तीन वेगवेगळ्या गोष्टी दिसतात. त्या एकात एक मिसळल्यामुळे तुम्ही गोंधळलाय.

कोपऱ्यातली लाल सूचना हा बहुधा व्हायरस नाहीच. कुठल्यातरी साइटने 'सूचना पाठवू का?' असं विचारलं आणि तिथे 'हो' दाबलं गेलं. काही साइट तर 'तुम्ही यंत्रमानव नाही हे दाखवण्यासाठी अनुमती द्या' असं लिहून ते बटण दाबून घेतात. त्यानंतर ती साइट ब्राउझरकरवी हव्या तेव्हा चौकट दाखवू शकते. अँटिव्हायरस कितीही फिरवा, काही सापडणार नाही, कारण ती रीतसर दिलेली परवानगी आहे. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी, मग साइट सेटिंग्ज, मग नोटिफिकेशन्स. तिथे परवानगी दिलेल्या साइटची यादी आहे. ओळखीच्या नसतील त्या सगळ्या काढा.

शोधपान बदलणं हे ब्राउझर हायजॅकरचं, म्हणजे ब्राउझरचा ताबा घेणाऱ्या प्रोग्रामचं काम. त्याला पैसे मिळतात ते तुमचा प्रत्येक शोध त्याच्या पानावरून वळवला की. म्हणून ते इतकं चिवट असतं. आणि तिसरी, 'संस्था सांभाळते' ही ओळ. त्यावर नंतर बोलू. तीच मला सगळ्यात जास्त खटकते आहे.

तुम्ही दरवेळी समोर दिसणारी वस्तू काढताय. तिला परत आणून ठेवणारं दुसरंच काहीतरी आत बसलंय. ते सापडत नाही तोवर रोज हेच होणार.

साधासुधा

माझा अनुभव सांगतो. दोन-तीन अँटिव्हायरस एकदम टाका. एकाला नाही सापडलं तर दुसऱ्याला सापडतं. शिवाय एखादा रजिस्ट्री क्लीनर (विंडोजच्या सेटिंग्जचं कोठार साफ करणारा) फिरवा, संगणक हलका होतो. क्रोममध्येच सफाईचं टूल असतं, तेही चालवा.

पाऊलखूण

साधासुधा, राग मानू नका, पण यातलं काहीही करू नये असं मला कळकळीने वाटतं.

सतत पहारा देणारे दोन अँटिव्हायरस एकाच संगणकावर ठेवले की ते एकमेकांच्या फायली अडवतात, संगणक रडतखडत चालतो आणि पहाराही नीट होत नाही. सतत पहारा देणारा एकच असावा. त्याच्या जोडीला, सांगू तेव्हाच तपासणी करणारा दुसरा चालतो. अ‍ॅडक्लीनर तसा आहे, इन्स्टॉल करावा लागत नाही, उघडला की चालतो. २०१६ पासून तो मालवेअरबाइट्सकडे आहे. मायक्रोसॉफ्टचा सेफ्टी स्कॅनरही तसाच. तो उतरवल्यापासून दहा दिवसच चालतो, कारण त्यातली ओळखीच्या व्हायरसची यादी जुनी होते. म्हणून तपासायचं त्या दिवशी ताजा उतरवून घ्यावा.

रजिस्ट्री क्लीनरने संगणक हलका होतो हा जुना समज आहे. त्यातून स्पायवेअर (गुपचूप माहिती गोळा करणारा प्रोग्राम) निघत नाही, चालू प्रोग्राम मात्र मोडतात. आणि क्रोममधलं सफाईचं टूल २०२३ मध्येच काढून टाकलंय. आता कुणी 'क्रोम क्लीनअप' म्हणून काही उतरवायला सांगत असेल तर ते नक्की खोटं समजा.

जुनीवही, 'अ‍ॅडवेअर कसं काढावं' असं शोधल्यावर येणाऱ्या पानांपासून जपून राहा. त्यातली कित्येक पानं तुमच्या दुखण्याचं नाव लिहून खाली स्वतःचाच 'क्लीनर' विकतात. काही क्लीनर तर फुकट तपासून शेकडो दोष दाखवतात आणि दुरुस्तीला पैसे मागतात. घाबरलेल्या माणसाला असं पान खरं वाटतं. जे उतरवायचं ते बनवणाऱ्याच्या मूळ साइटवरूनच.

जुनीवही

रात्रपाळी, पाऊलखूण, खूप आभार. बँकेचं काम थांबवलं.

नोटिफिकेशनच्या यादीत ओळखीची एकही साइट नव्हती. एकूण ११ होत्या, काहींची नावं म्हणजे नुसती अक्षरं आणि आकडे. सगळ्या काढल्या. कोपऱ्यातला लाल त्रास त्याच क्षणी थांबला! बाबा शेजारी बसले होते. "म्हणजे व्हायरस नव्हताच?" असं त्यांनी दोनदा विचारलं.

पण शोधपान अजून तेच. डिफेंडरचं पूर्ण स्कॅन लावलं. एवढे फोटो आणि फायली असूनही ते फारच लवकर संपलं आणि म्हणतं की काहीच सापडलं नाही. मग हे शोधपान आणतंय कोण?

पाऊलखूण

लवकर संपलं हेच संशयास्पद आहे. विंडोज सिक्युरिटी उघडा, व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शनमध्ये मॅनेज सेटिंग्जवर जा आणि अगदी तळाशी 'एक्सक्लूजन्स' बघा. डिफेंडरने कुठे बघायचं नाही याची ती यादी असते. सर्वसाधारण घरच्या संगणकावर ती रिकामी असते. तुमच्याकडे काय आहे ते लिहा.

जुनीवही

अंगावर काटा आला. यादीत एकच नोंद आहे: आख्खा सी ड्राइव्ह.

म्हणजे गेले आठ दिवस मी जो स्कॅन लावत होते तो काहीच बघत नव्हता?

पाऊलखूण

हो, जवळजवळ तसंच. पहारेकऱ्याला घराकडे पाठ करून उभं केलं होतं. तो खोटं बोलत नव्हता, त्याला बघायलाच मनाई होती. ही युक्ती आता सर्रास वापरली जाते. डिफेंडर बंद केला तर विंडोज बोंब मारतं. यादीत एक नोंद वाढवली तर कुणालाच कळत नाही.

ती नोंद काढा. मग त्याच खिडकीत 'अ‍ॅप अँड ब्राउझर कंट्रोल'मध्ये रेप्युटेशन-बेस्ड प्रोटेक्शनच्या सेटिंग्ज उघडा आणि नकोशा अ‍ॅपना अडवण्याचा पर्याय चालू आहे का बघा. अ‍ॅडवेअर पुष्कळदा 'व्हायरस' या वर्गात मोडत नाही, 'नकोसं अ‍ॅप' या वर्गात मोडतं, आणि हा पर्याय बंद असेल तर डिफेंडर त्याला सोडून देतो. त्यानंतर ऑफलाइन स्कॅन निवडा. संगणक बंद होऊन विंडोज पूर्ण सुरू होण्याआधीच तपासणी होते, साधारण १५ मिनिटं लागतात. विंडोज चालू असताना लपून बसणाऱ्या गोष्टींना तेव्हा लपायला जागा नसते. उघडी कामं आधी सेव्ह करून ठेवा.

रात्रपाळी

एक्सक्लूजनचं वाचून मीही सावध झालो. आधी परत आणून ठेवणारं कोण ते बघू. अशा गोष्टींच्या बसायच्या जागा ठरलेल्या आहेत.

'टास्क शेड्यूलर' (ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणारा विंडोजचा भाग) उघडा आणि डावीकडच्या लायब्ररीवर क्लिक करा. मधल्या यादीत प्रत्येक कामाचं नाव, ते कधी सुटतं आणि काय चालवतं हे दिसतं. एखादं काम 'लॉग ऑन झाल्यावर' किंवा 'दर काही तासांनी' सुटत असेल आणि त्याच्या 'अ‍ॅक्शन्स'मध्ये पॉवरशेल (विंडोजला आज्ञा देण्याचं साधन) किंवा तुमच्या अ‍ॅपडेटा फोल्डरमधली फाइल असेल तर त्यावर संशय घ्या. लगेच उडवू नका. त्याचा फोटो काढा आणि 'डिसेबल' करा.

त्यानंतर सिसइंटर्नल्स या साधनसंचातलं 'ऑटोरन्स' उतरवून घ्या. विंडोज सुरू होताना जे जे आपोआप चालतं त्या सगळ्याची एकत्र यादी देणारं माझ्या माहितीत याच्याइतकं चांगलं साधन नाही. मार्क रुसिनोविच आणि ब्राइस कॉग्सवेल यांनी ही साधनं बनवली, २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टने ती विकत घेतली आणि आजही फुकट देतात. ऑप्शन्समध्ये जाऊन मायक्रोसॉफ्टच्या नोंदी लपवा, म्हणजे शेकडो ओळींतून थोड्याच उरतील. व्हायरसटोटलवर, म्हणजे एकच फाइल अनेक अँटिव्हायरस इंजिनांकडून तपासून देणाऱ्या साइटवर, तपासायचा पर्यायही तिथेच आहे. तो लावला की प्रत्येक फाइलपुढे एक अपूर्णांक येतो: इतक्या इंजिनांपैकी इतक्यांना ती वाईट वाटली. सत्तरांपैकी एखाद्यानेच नाव घेतलं असेल तर बहुतेक वेळा खोटी हाक असते. पंधरा-वीस जण म्हणत असतील तर नाही.

आणि क्रोमच्या आयकॉनवर उजवं क्लिक करून प्रॉपर्टीजमधली 'टार्गेट'ची ओळ शेवटपर्यंत वाचा. क्रोमच्या फाइलच्या नावापाशी ती संपली पाहिजे. पुढे एखाद्या साइटचा पत्ता चिकटवलेला असेल तर क्रोम दरवेळी तिथेच उघडणार, मग आत सेटिंग कितीही बदला.

तिसरीखिडकी

विषयांतर होतंय, पण माझ्या मॅकवर असंच शोधपान बदललंय. 'मॅकला हे होत नाही' असंच ऐकत आले होते. फ्लॅश प्लेयर अपडेट करा असं आलं होतं, ते केल्यापासून.

रात्रपाळी

मॅकलाही होतं, आणि खोटा फ्लॅश हा मॅकवरच्या अ‍ॅडवेअरचा फार जुना दरवाजा आहे. फ्लॅश ३१ डिसेंबर २०२० ला कायमचा बंद झाला. त्यानंतर फ्लॅश अपडेट करायला सांगणारी प्रत्येक चौकट खोटी. सिस्टम सेटिंग्जमध्ये 'प्रोफाइल्स' असं शोधून बघा. घरच्या मॅकवर तुम्ही न टाकलेलं प्रोफाइल असेल तर ते काढा, शोधपान तेच अडकवून ठेवतं. मग लायब्ररी फोल्डरमधले लाँचएजंट्स आणि लाँचडीमन्स हे आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रामचे फोल्डर बघा. लायब्ररी दोन आहेत, एक तुमच्या खात्यातली आणि एक सगळ्या मॅकची. बाकीचं सविस्तर वेगळा धागा काढून विचारा, मी तिथे येतो.

जुनीवही

सगळं क्रमाने केलं. जे सापडलं ते लिहिते.

ऑफलाइन स्कॅनमध्ये चार गोष्टी सापडल्या, तीन 'नकोशी अ‍ॅप' आणि एक ट्रोजन (कामाच्या प्रोग्रामचं सोंग घेऊन शिरणारा). सगळ्या क्वारंटाइनमध्ये, म्हणजे वेगळ्या कोंडून टाकल्या.

टास्क शेड्यूलरमध्ये 'अपडेटर' आणि पुढे सहा-सात अर्थहीन अक्षरं अशा नावाचं एक काम होतं. लॉग ऑन झाल्यावर आणि मग दर चार तासांनी सुटायचं. तयार झाल्याची वेळ बघितली. बाबांनी पीडीएफवाला प्रोग्राम टाकला तीच दुपार, त्यानंतर दोनच मिनिटांनी. अ‍ॅक्शन्समध्ये पॉवरशेल आणि त्यापुढे न वाचता येणाऱ्या अक्षरांची एवढी लांब ओळ की सरकवत सरकवत मी कंटाळले. म्हणजे मी संध्याकाळी एक्स्टेन्शन काढायचे आणि रात्रीतून हे काम ते परत आणून ठेवायचं! इतके दिवस मला वाटत होतं की माझंच काहीतरी चुकतंय.

डिसेबल करून ठेवलंय. क्रोमचा शॉर्टकट स्वच्छ होता. 'संस्था' मात्र अजून आहे.

रात्रपाळी

फार छान शोधलंत. तयार झाल्याची वेळ बघायचं तुम्हाला सुचलं, तेच बऱ्याच जणांना सुचत नाही.

आता ती 'संस्था'. कार्यालयात शेकडो संगणक असतात, तिथे कोणतं एक्स्टेन्शन असायलाच हवं, शोधपान कुठलं, हे वरून ठरवता यावं म्हणून क्रोममध्ये पॉलिसीची सोय आहे. ती सोय तुमच्या पाहुण्याने वापरली. पॉलिसीने बसवलेलं एक्स्टेन्शन वापरणाऱ्याला काढता येत नाही, म्हणून तुम्हाला 'काढा' बटण दिसत नव्हतं. क्रोमच्या अ‍ॅड्रेस पट्टीत क्रोम, मग विसर्गासारखं चिन्ह, दोन तिरक्या रेघा आणि पॉलिसी असं इंग्रजीत लिहून एंटर करा. लागू असलेल्या पॉलिसी दिसतील. त्यात एक्स्टेन्शन सक्तीने बसवायची नोंद असणार.

त्या साठवलेल्या असतात रजिस्ट्रीत. लोकल मशीन, त्यात सॉफ्टवेअर, त्यात पॉलिसीज, त्यात गुगल, त्यात क्रोम. करंट यूजरच्या खालीही तसंच एक घर असू शकतं. हा तुमचा घरचा संगणक आहे आणि कुठल्याही कार्यालयाने दिलेला नाही, म्हणून ती क्रोमची शाखा आधी एक्स्पोर्ट करून ठेवा आणि मग काढा. कार्यालयाच्या लॅपटॉपवर कुणी हे करू नका, तिथली पॉलिसी खरी असते.

आणि सिंक! क्रोममध्ये खात्याने लॉग इन असेल तर एक्स्टेन्शनही सिंक होतात. इकडे साफ केलं तरी खात्यातून परत उतरू शकतं, किंवा त्याच खात्याच्या दुसऱ्या संगणकावर जाऊन बसतं. आधी सिंक बंद, मग सफाई.

कुंपण

धागा पहिल्यापासून वाचला. सगळ्यांनी मनापासून मदत केलीय, पण मला वेगळं सांगायचंय.

डिफेंडरच्या एक्सक्लूजनमध्ये सी ड्राइव्ह घालायला अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचे अधिकार लागतात. लोकल मशीनमधली पॉलिसी लिहायलाही लागतात. म्हणजे ती वस्तू या संगणकावर पूर्ण अधिकाराने आठ दिवस चालली. त्यातला एक ट्रोजन आहे. त्या पॉवरशेलच्या ओळीने दर चार तासांनी बाहेरून काय आणून चालवलं, हे आपल्यापैकी कुणीही सांगू शकत नाही. स्कॅनला जे ओळखता आलं तेवढंच सापडलं. अशा वेळी 'आता काही सापडत नाही' आणि 'आता काही नाही' या दोन वाक्यांत फार अंतर असतं.

जुनं उदाहरण देतो. २००५ मध्ये सोनी बीएमजीच्या काही संगीत सीडी संगणकात घातल्या की कॉपी रोखण्यासाठी एक प्रोग्राम गुपचूप बसायचा आणि विंडोजपासून स्वतःला लपवायचा. वर ज्यांचा उल्लेख आला त्या रुसिनोविच यांनीच ते त्या वर्षी ३१ ऑक्टोबरला उघड केलं. मग कंपनीने तो काढायचं साधन दिलं, आणि त्या साधनानेच संगणकात नवं भोक पाडून ठेवलं. दुसरं उदाहरण २०१५ चं. लेनोवोच्या काही लॅपटॉपवर कारखान्यातूनच सुपरफिश नावाचं अ‍ॅडवेअर आलेलं होतं. ते सुरक्षित पानांमध्येही जाहिराती घुसवता याव्यात म्हणून संगणकात स्वतःचं रूट सर्टिफिकेट (कुठली साइट खरी मानायची हे ठरवणारं मूळ प्रमाणपत्र) बसवायचं. लोकांनी प्रोग्राम काढला, सर्टिफिकेट तसंच राहिलं. सगळ्या लॅपटॉपवर त्याची किल्लीही एकच होती, म्हणजे ती हाती लागलेला कुणीही त्या संगणकांना खोटी बँक खरी म्हणून दाखवू शकत होता. जाहिरात दिसायची थांबली म्हणजे सगळं निघालं असं नसतं.

बाबा याच संगणकावरून बँकेचं काम करतात, म्हणून माझं स्पष्ट मत: विंडोज नव्याने टाका.

रात्रपाळी

कुंपण, मी सहसा इतक्या लवकर नव्याने टाकायला सांगत नाही. नुसतं एक्स्टेन्शन आणि नोटिफिकेशन असतं तर वरची सफाई पुरेशी होती, आणि अशा प्रत्येक वेळी लोकांना सगळं पुसायला लावणं अन्याय आहे. पण इथे अ‍ॅडमिनचे अधिकार, ट्रोजन आणि बाहेरून काहीतरी आणणारी ओळ, तिन्ही एकत्र आहेत. इथे मला तुमचं म्हणणं पटतं.

जुनीवही, फोटो आणि कागदपत्रं बाहेरच्या डिस्कवर घ्या. प्रोग्राम, इन्स्टॉलर, डाउनलोड्समधल्या झिप फायली घेऊ नका. त्याआधी फाइल एक्स्प्लोररमध्ये फाइलची पूर्ण नावं दिसतील असं करा, कारण 'बिल.पीडीएफ' असं दिसणारी फाइल खरी 'बिल.पीडीएफ.ईएक्सई' असू शकते. मग दुसऱ्या, स्वच्छ संगणकावर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून किमान ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर विंडोज ११ तयार करा आणि त्यावरून टाका. टाकताना डिस्कचे जुने विभाग पुसा. आतल्या 'रीसेट धिस पीसी'नेही होतं, त्यातला क्लाउड डाउनलोड निवडला तर विंडोज नव्याने उतरतं, ४ जीबीच्या वर डेटा लागतो. पण ज्या विंडोजवर आपला विश्वास नाही, तिच्याकडूनच तिला पुसून घेण्यापेक्षा पेनड्राइव्ह मला बरा वाटतो.

जुनीवही

पटलं. उद्या बसते. फक्त एक विचारायचं होतं. बँकेचा पासवर्ड क्रोममध्ये सेव्ह नव्हता, मेलचा होता. विंडोज नव्याने टाकल्यावर पासवर्ड बदलले तर चालेल ना?

कुंपण

नाही. आजच बदला, आणि या संगणकावरून नाही, तुमच्या फोनवरून. विंडोज पुसल्याने संगणक स्वच्छ होईल, पण जे आधीच बाहेर गेलं असेल ते परत येत नाही.

आधी मेलचा बदला, कारण बाकी सगळ्या खात्यांचे 'पासवर्ड विसरलात?'चे दुवे मेलवरच येतात. ज्याच्या हाती मेल, त्याच्या हाती बाकीचं सगळं. मग बँक, मग उरलेले.

नुसता पासवर्ड बदलून थांबू नका. आपण लॉग इन केलं की साइट ब्राउझरमध्ये एक कुकी ठेवते, 'हा माणूस आत आलेला आहे' याची खूण म्हणून. हल्लीचे माहिती चोरणारे प्रोग्राम पासवर्डच्या बरोबरीने ती कुकी उचलतात. ती दुसऱ्या संगणकात घातली की पासवर्डही लागत नाही आणि फोनवरचा ओटीपीही लागत नाही, कारण साइटच्या दृष्टीने लॉग इन झालेलंच असतं. म्हणून प्रत्येक महत्त्वाच्या खात्यात 'सगळ्या उपकरणांवरून बाहेर पडा' हा पर्याय शोधून दाबा. मेलच्या सेटिंग्जमध्ये अनोळखी पत्त्यावर मेल पुढे पाठवायचा नियम तर लावलेला नाही ना, आणि खातं परत मिळवण्यासाठीचा फोन नंबर बाबांचाच आहे ना, हेही बघा. बँकेत फोन करून मोकळेपणाने सांगा की संगणकात ट्रोजन होता. व्यवहार तपासायला सांगा. नंबर पासबुकावरचा किंवा कार्डामागचा घ्या, शोधून मिळालेला नको.

साधासुधा

माझा वरचा सल्ला मागे घेतो. एक्सक्लूजनचं वाचून माझ्याकडे बघितलं, यादी रिकामी आहे. पण मीही दोन अँटिव्हायरस ठेवून होतो. एक काढला. कुकीचं आज पहिल्यांदाच नीट कळलं. पूर्वी स्पायवेअर स्कॅनर 'ट्रॅकिंग कुकी सापडल्या' म्हणून लांबलचक लाल यादी दाखवायचे, तेव्हापासून कुकी म्हणजे स्पायवेअर असंच मी धरून होतो.

पाऊलखूण

त्या वेगळ्या. जाहिरातवाले तुम्ही कुठल्या साइटवर फिरलात हे बघायला ठेवतात त्या ट्रॅकिंग कुकी. नकोशा आहेत, पण तो प्रोग्राम नव्हे, संगणकात काही चालवू शकत नाही. तुमची खरी लॉग इन कुकी चोरीला जाणं ही निराळी गोष्ट.

जुनीवही

उशिरा लिहिते आहे, पण सगळं पार पडलं.

फोनवरून मेलचा पासवर्ड बदलला, सगळीकडून बाहेर पडले. लॉग इनच्या यादीत एक अनोळखी उपकरण दिसलं, बाबांकडे असलेलं नव्हे. मेल पुढे पाठवायचा नियम नव्हता. बँकेने नेटबँकिंग काही वेळ बंद करून नव्याने सुरू करून दिलं, व्यवहार सगळे आमचेच आहेत. कुंपण, तुम्ही 'आजच' म्हणाला नसतात तर मी दोन दिवस थांबले असते.

विंडोज पेनड्राइव्हवरून टाकलं, जुने विभाग पुसले. क्रोममध्ये लॉग इन करण्याआधी खात्यातला सिंक केलेला डेटा फोनवरून पुसून घेतला. 'संस्था' गेली, एक्सक्लूजन रिकामं आहे. बाबांसाठी साधं खातं केलं, अ‍ॅडमिनचं वेगळं. आता काही बसवायचं तर पासवर्ड विचारतं आणि तो माझ्याकडे आहे. याने बाबांना अपमान वाटेल अशी मला भीती होती, पण तेच म्हणाले, "मलाही अ‍ॅडमिन नको. काही विचारलं तर मी तुला हाक मारीन."

राउटरही तपासायचा असतो असं वाचलं. खरंच गरज आहे का?

रात्रपाळी

ते अनोळखी उपकरण दिसलं म्हणजे कुंपण यांची शंका खरी होती. वेळेवर झालं, बरं वाटलं.

राउटर दोन मिनिटांत बघून टाका. डीएनएसचेंजर नावाचा प्रोग्राम डीएनएसचे (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणाऱ्या सेवेचे) पत्ते बदलून लोकांना खोट्या पानांवर न्यायचा, आणि जमेल तिथे राउटरचेही बदलायचा. नोव्हेंबर २०११ मध्ये तो चालवणारी टोळी पकडली गेली तेव्हा जगभरात सुमारे ४० लाख संगणक त्याच्या ताब्यात होते. त्यांचे सर्व्हर एकदम बंद केले तर तेवढ्या लोकांचं इंटरनेट गेलं असतं, म्हणून त्या जागी स्वच्छ सर्व्हर बसवून ते ९ जुलै २०१२ पर्यंत चालू ठेवावे लागले. राउटरमध्ये डीएनएस 'आपोआप' वर असावं किंवा तुम्ही स्वतः घातलेला पत्ता असावा. राउटरचा अ‍ॅडमिन पासवर्ड खोक्यावरचाच असेल तर तो बदला. फर्मवेअरचं (राउटरच्या आतल्या प्रोग्रामचं) अपडेट असेल तर घ्या.

आणि बाबांना एक नवीन फसवणूक दाखवून ठेवा, २०२४ पासून फार वाढली आहे. 'तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा' असं पान येतं आणि विंडोज व आर ही बटणं दाबा, मग कंट्रोल व व्ही, मग एंटर असं सांगतं. पानाने आधीच गुपचूप एक आज्ञा कॉपी करून ठेवलेली असते, आणि आपण स्वतःच्या हाताने ती चालवतो. साधं खातं असलं तरी बाबांच्या खात्यातले पासवर्ड आणि कुकी त्यात जातात. कुठलीही खरी साइट असं कधीच सांगत नाही.

जुनीवही

राउटर बघितला, डीएनएस आपोआपवर आहे. पासवर्ड खोक्यावरचाच होता, बदलला.

विंडोज-आरचं बाबांना करून दाखवलं, म्हणजे ती चौकट कशी दिसते तेवढंच. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं, बटणांची चित्रं काढून. ती वही आता कीबोर्डशेजारी असते. आत्ता मी हे माझ्या फोनवरून लिहिते आहे, कारण संगणकावर नातवंडांशी कॉल चालू आहे आणि पाऊण तास झाला तरी बाबा खुर्ची सोडायला तयार नाहीत.